म्हैसूरचा कोट्यधीश

दादरहून सुटणारी शरावती एक्सप्रेस नव्या इंजिनिअरांचे घोळके म्हैसूरला नेऊन सोडते. हेब्बाळच्या इन्फोसिस कॅम्पसमध्ये त्यांचं ट्रेनिंग असतं, आणि प्रत्येक बॅचमागे एक कोट्यधीश हमखास निघतो. बँकेतला नव्हे, इंग्रजी शब्दाची मान मुरगाळून कोट्या करणारा.

फूड कोर्टात रांग अडली की हा म्हणणार, ‘सर्व्हर डाऊन आहे!’ आत वाढपी खरोखरच स्टुलावर टेकलेला असतो. लॅपटॉपवर जावाची दोन व्हर्जनं भांडू लागली, की ‘दोन जावा एका घरात नांदतील होय?’ ट्रेनिंग संपून इथेच प्रोजेक्ट मिळाला, तर मग विचारूच नका. रात्री दहाला बिल्ड कोसळलेला, मॅनेजरचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. टेस्टर विचारते, ‘बग गेला का?’ हा शांतपणे सांगतो, ‘ढेकूणच तो. खाटेतून गादीत गेलाय.’

‘ए, पीजे!’ सगळी टीम एकदम ओरडते. कुणी कागदाचा बोळा फेकून मारतं. कोटीला कुणी हसत नाही, पण त्याला झोडपायला सगळे एक होतात. मघापासून एकमेकांवर खेकसणारे टेस्टर आणि डेव्हलपर त्याला शिव्या घालत चहाला निघतात.

१ नोव्हेंबर २०१४ ला ‘मायसोर’चं अधिकृतपणे ‘मैसूरू’ झालं आणि या जमातीचं मोठंच नुकसान झालं. मान अवघडली, पाय मुरगळला, तरी ‘आय ॲम इन माय-सोर’ चालून जायचं. सरकारनं भांडवलच जप्त केलं!

तरी गाव याला मानवतं. कन्नड नाटककार टी. पी. कैलासम (१८८४–१९४६) जुन्या म्हैसूर संस्थानातलेच. घरची भाषा तमिळ, लंडनला शिकले भूगर्भशास्त्र, नोकरी त्याच संस्थानच्या भूगर्भ खात्यात, आणि नाव झालं ते कन्नड-इंग्रजीची भेळ करणाऱ्या नाटकांमुळे. कोट्या तर त्यांच्या बोलण्यातच असायच्या. आपल्या कोट्यधीशाच्या निव्वळ इंग्रजी कोट्या बहुधा व्हॉट्सॲपवरच्या, शिळ्या असतात. मात्र कन्नड कानावर पडू लागलं की गडी खुलतो. कन्नडमध्ये ‘इल्ला’ म्हणजे नाही. मग आजारपणाचा मेसेज असा: ‘आज इल, म्हणून ऑफिस इल्ला.’ कन्नड मॅनेजर रजा देतो आणि मेसेज घरी बायकोलाही वाचून दाखवतो.

पुढे बदली होते पुण्याला, हिंजवडीत. पहिल्याच मीटिंगमध्ये हा घसा खाकरून दोन जावांना बाहेर काढतो. शेजारच्या खुर्चीतून आवाज येतो, ‘थोरली की धाकटी?’