आग लावण्याचे शिष्टाचार

नैऋत्य चीनच्या सिचुआन प्रांतातले शीचांग हे ल्यांगशान यी स्वायत्त विभागाचे मुख्य शहर. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर, चिओंगहाय सरोवराच्या काठी वसलेल्या या शहराने एक अख्खा चौक आगीच्या नावावर करून दिला आहे. त्याचे नाव मशाल चौक. ज्यांच्या सणासाठी हा चौक बांधला, ते यी लोक सिचुआन, युन्नान, ग्वेजो आणि ग्वांगशी या भागांत राहतात. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ९८ लाख भरली. त्यांच्या मशालोत्सवाची नोंद चीनने २००६ साली राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत केली. आगीचा सण म्हणजे मोकळे रान, अशी समजूत करून घेऊन प्रवासी येथे उतरतो. प्रत्यक्षात ल्यांगशानात आगीला जेवढे नियम आहेत, तेवढे रहदारीला नाहीत.

शीचांगला पोचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला घाई असलेल्यांचा. डिसेंबर २०२२ मध्ये चेंगदू-कुनमिंग हा नवा रेल्वेमार्ग पूर्ण झाल्यापासून चेंगदूहून सुमारे तीन तासांत शीचांग येते. त्यातला बराच वेळ बोगद्यांत जात असल्याने निसर्गसौंदर्याचा त्रास फारसा होत नाही. दुसरा मार्ग १९७० साली सुरू झालेल्या जुन्या लोहमार्गाचा. पुशिओंग ते पांजीह्वा या टप्प्यात अजूनही एक संथ पॅसेंजर गाडी धावते. तिचे किमान भाडे दोन युआन आहे आणि तिच्यातून डोंगरातले शेतकरी भाजीपाला, कोंबड्या, बकऱ्या व डुकरे घेऊन बाजाराला जातात. मोठ्या जनावरांसाठी बाके काढून स्वतंत्र जागा केलेली आहे. संस्कृतीच्या शोधात निघालेल्या प्रवाशाने हीच गाडी निवडावी, असे जाणकार सांगतात. निवडल्यावर खिडकीजवळची जागा कोंबडीला मिळाली तर तक्रार करू नये, कारण ती नेहमीची गिऱ्हाईक असते.

शहरात उतरताच पाट्या दिसतात. त्या दोन लिप्यांत असतात, चिनी आणि यी. ल्यांगशानच्या यी लिपीचे प्रमाणित रूप १९८० साली मंजूर झाले. तिच्यात ८१९ अक्षरे आहेत आणि प्रत्येक अक्षर एका उच्चाराचे असते. त्यामुळे एरवी केवळ एक लिपी न समजणारा प्रवासी येथे दुप्पट निरक्षर होतो, पण चौक सापडण्यास अडचण येत नाही. उत्सवाच्या संध्याकाळी सगळे शहर त्याच दिशेने चाललेले असते.

चिनी चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याचा चोविसावा दिवस हा सणाचा पहिला दिवस. महिना अमावास्येपासून मोजण्याची रीत मराठी पंचांगाशी जुळती असल्याने बहुतेक वर्षी हा दिवस आषाढ वद्य अष्टमी-नवमीच्या आसपास, म्हणजे दिव्याच्या अवसेआधी आठवडाभर येतो. इंग्रजी तारखेने जुलैचा उत्तरार्ध किंवा ऑगस्टचा पूर्वार्ध. ल्यांगशानात तेव्हा भर पावसाळा असतो. आगीचा सण वर्षातल्या सर्वांत ओल्या दिवसांत ठेवण्यामागे शेतीचे कारण आहे. पिके उभी असतात, किडींचा सुळसुळाट झालेला असतो आणि मशालींचे मूळ काम या किडींचा बंदोबस्त हेच होते. प्रवाशाला एका हातात मशाल व दुसऱ्या हातात छत्री धरावी लागते आणि कॅमेऱ्यासाठी तिसरा हात नसल्याची खंत त्याला जन्मात पहिल्यांदा होते.

सणामागची कथा कुस्तीची आहे. पृथ्वीवर अतिलाबा नावाचा मल्ल होता आणि आकाशात सिरेअबी. आकाशातला मल्ल आव्हान घेऊन खाली उतरला तेव्हा अतिलाबाला नेमके तातडीच्या कामासाठी बाहेर जायचे होते. जाताना त्याने आईला सांगितले, पाहुण्याला लोखंडाच्या भाकऱ्या वाढ. ताटातले लोखंड पाहून पाहुण्याने हिशेब केला की हे ज्याचे रोजचे जेवण, त्याच्याशी हात मिळवण्यात अर्थ नाही, आणि काढता पाय घेतला. यजमान परतला तो पाहुणा गेलेला. मग त्याने मागे धावत जाऊन त्याला गाठले आणि चीत केले, ते कायमचेच. आकाशदेव एनतिगुजी संतापला व त्याने पिकांवर टोळधाड सोडली. अतिलाबाने लोकांना गोळा केले, पाइनच्या फांद्या व रानदवण्याच्या काटक्यांच्या मशाली बांधल्या आणि चोविसाव्या रात्री शेतेच्या शेते उजळून कीड जाळली. कुस्ती एकाची, दंड साऱ्या गावाला आणि वसुली दरवर्षी, असा या कथेचा व्यवहार आहे.

उत्सव तीन दिवसांचा असतो आणि प्रत्येक दिवसाचे काम ठरलेले असते. पहिला दिवस आगीला बोलावण्याचा. गावोगाव बैल, मेंढ्या, कोंबड्या कापल्या जातात आणि बिमो म्हणजे यी पुरोहित मंत्र म्हणून आग पेटवतो. त्या आगीवर वाळक्या रानदवण्याच्या मशाली पेटवून लोक घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून आणि शेताच्या बांधांवरून फिरतात. कीड, रोगराई आणि भूक जळून जावी असे म्हणतात. दुसरा दिवस खेळांचा. तिसरा निरोपाचा. पहिल्या दिवशी कापलेल्या कोंबडीची पिसे तेव्हा मशालीच्या आगीत जाळतात आणि उरलेले सगळे मोठ्या दगडाखाली दाबून ठेवतात. अरिष्ट जाळले तरी राख उघड्यावर सोडायची नाही, इतकी ही पद्धत काटेकोर आहे.

दुसऱ्या दिवसाचे मूळ रूप पाहायचे तर शहर सोडून बुतुओ किंवा पुगे या डोंगरी तालुक्यांत जावे लागते. तेथे घोड्यांच्या शर्यती, कुस्ती, बैलांच्या, मेंढ्यांच्या आणि कोंबड्यांच्या झुंजी होतात. बैलाची झुंज बैलाशीच असते, माणसाने मध्ये पडायचे नसते. जो आधी तोंड फिरवून पळेल तो हरला, हा एकमेव नियम. हरलेला बैल कोणत्या दिशेने पळेल याबद्दल मात्र नियम नाही. म्हणून स्थानिक प्रेक्षक चढावर बसतात आणि बाहेरून आलेले छायाचित्रकार सपाटीवर उभे राहतात. सौंदर्यस्पर्धाही होते. मुली पिवळ्या छत्र्या घेऊन, एकमेकींच्या मागे संथ गोल फिरत गाणी म्हणतात आणि वडीलधारी मंडळी निवड करतात. वागणूक आणि कष्टाळूपणा हेही निकष असल्याने परीक्षकांना गावची माहिती असावी लागते. प्रवाशाचे मत कोणी विचारत नाही, तरी ते तो देतो.

शीचांगच्या मशाल चौकात हेच सारे शहरी मापात घडते. चौकालगत ल्यांगशानचे कला व संस्कृती केंद्र आहे आणि त्याची रचना त्सुई काय या नामांकित चिनी वास्तुकाराची आहे. अंधार पडू लागला की मधली मोठी शेकोटी पेटते आणि लोकांच्या रांगा हातात मशाली घेऊन तिच्याभोवती फिरतात. मशाल कुठे पेटवायची, कुठून आत यायचे आणि जळून आखूड झाल्यावर ती कुठे टाकायची, हे सर्व ठरलेले असते. पाणी घेऊन अग्निशमन दलही सज्ज असते. मशालवाल्यांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिला स्थानिकांचा. ते मशाल तिरपी धरतात व वाऱ्याची दिशा पाहून चालतात. दुसरा मुलांचा. ती मशालीपेक्षा वेगाने पळतात. तिसरा पर्यटकांचा. ते मशाल उभी धरून फोटोसाठी वर बघतात आणि ठिणग्या खाली का येतात याचे नवल करतात. त्यानंतर दाती नावाचे फेरनृत्य सुरू होते. १९८० च्या दशकात लोकनृत्यांतल्या पावलांवरून ते बसवले गेले. हात धरून गोल करायचा आणि सोपी पावले टाकायची. पावले येत नसल्याची सबब येथे चालत नाही, कारण दोन्ही बाजूंचे हात घट्ट धरलेले असतात.

दिवसा पाहण्यासारखे ठिकाण म्हणजे सरोवराकाठच्या लूशान टेकडीवरचे यी गुलामी समाज संग्रहालय. ते १९८५ साली उभे राहिले. ल्यांगशानच्या डोंगरांत १९५६ पर्यंत काळे यी हे मालक, त्यांच्या हाताखाली गोरे यी आणि सर्वांत खाली गुलाम अशी जन्मावर बेतलेली उतरंड होती. नंतरच्या सुधारणांनी ती मोडली. काळ्या, लाल आणि पिवळ्या रंगांत रंगवलेली लाखेची भांडी, लोकरी घोंगड्या आणि बिमोंच्या पोथ्या येथे पाहायला मिळतात. या संग्रहालयात विनोदाला जागा नाही आणि प्रवासीही येथे आपोआप हळू बोलू लागतो.

आगीचे खरे कायदे घरात कळतात. यी घराच्या मध्यभागी चूल असते आणि भांडे टेकायला तिच्याभोवती तीन दगड असतात. चूल ओलांडायची नाही, त्या दगडांना पाय लावायचा नाही, तिच्यात थुंकायचे नाही. बसण्याच्या जागाही ठरलेल्या असतात आणि पाहुण्याला मानाची जागा मिळते. मानाच्या पाहुण्यासाठी जनावर कापायचे तर ते आधी त्याच्यासमोर आणून दाखवण्याची प्रथा आहे. कोकरू डोळ्यांत डोळे घालून बघते तेव्हा पाहुण्याची भूक आणि सभ्यता यांत झुंज लागते. पुढे येणारे मुठीएवढे उकडलेले मांसाचे तुकडे हे ल्यांगशानचे मानाचे पक्वान्न. ते हाताने खायचे असते, आणि तोंड व तुकडा यांच्या मापांचा मेळ बसवणे हे ज्याचे त्याने पाहायचे असते. शाकाहारी पाहुण्याची लाज निखाऱ्यात भाजलेला बटाटा राखतो. सोबत कडवट कुट्टूच्या जाड भाकऱ्या असतात. मद्याचा एकच वाडगा गोलाने फिरतो. तो पुढे सरकवला की कर्तव्य संपले असे नवख्याला वाटते, परंतु गोलाला शेवट नसतो.

युन्नानमध्ये रीत थोडी बदलते. शिलिनच्या दगडी सुळक्यांच्या प्रदेशात यी लोकांची सानी शाखा हा सण करते, तर छुशिओंग शहरात यी लोकांच्या प्राचीन सौर पंचांगाला वाहिलेले उद्यानच आहे. त्या पंचांगात छत्तीस दिवसांचे दहा महिने असतात आणि उरलेले पाच-सहा दिवस सणाचे. वर्षाच्या शेवटी दिवस उरतात ही कल्पना पगारदार प्रवाशाला विशेष भावते. युन्नानमध्ये पाइनच्या राळेची पूड मशालीवर उधळतात. क्षणभर मोठा भडका उडतो आणि तो समोरच्याच्या पायांजवळ उडवला तर आशीर्वाद समजला जातो. आशीर्वाद स्वीकारताना नायलॉनचे कपडे नसावेत.

आगीचा एवढा मान असलेल्या या भूमीला आगीची झळही बसली आहे. ३० मार्च २०१९ रोजी ल्यांगशानातल्या मूली तालुक्यात लागलेल्या वणव्यात ३१ जणांचा आणि बरोबर वर्षाने, ३० मार्च २०२० रोजी, शीचांगजवळच्या वणव्यात १९ जणांचा बळी गेला. मृतांत बहुतेक जण आग विझवायला गेलेले होते. तेव्हापासून जंगलाच्या वाटांवरची तपासणी कडक आहे. रानात जाणाऱ्याने काडेपेटी व लायटर नाक्यावर जमा करायचे असतात. याच विभागात शीचांगचे उपग्रह प्रक्षेपण केंद्रही आहे. १९८४ पासून तेथून रॉकेटे उडतात आणि २००७ साली चांग-अ १ हे चंद्रयान तेथूनच निघाले. उड्डाणाआधी जवळपासच्या गावकऱ्यांना दूर हलवले जाते. चूल, मशाल, वणवा आणि रॉकेट यांतल्या प्रत्येकापासून किती अंतर राखायचे हे ल्यांगशानात ठरलेले आहे, आणि ते अंतर मोडणाऱ्याला वयाची सवलत नाही.

परतताना खरेदी लाखेच्या वाडग्यांची करावी. ते हलके असतात आणि घरी नेल्यावर त्यांत काय ठेवायचे हा प्रश्न पडत नाही, कारण बहुतेक वेळा ते नुसतेच ठेवले जातात. मशाल आठवण म्हणून नेता येत नाही. विमानाने निघणाऱ्याने खिसे आधीच तपासावेत. चीनमध्ये काडेपेटी आणि लायटर हातातल्या सामानात चालत नाहीत आणि तपासून सोडलेल्या सामानातही चालत नाहीत.