लेख किती झाले?

मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३चा. थेट महाराष्ट्र दिन, म्हणजे अभिमानाची सोय जन्मतःच झालेली. तेव्हापासून आपण एकच गोष्ट मोजत आलोय: लेख किती झाले? हिंदीच्या किती मागे? तमिळ कुठवर पोचली?

लेखसंख्येत इंग्रजीखालोखाल कोण, सांगा पाहू. जर्मन नाही, फ्रेंच नाही. फिलिपिन्समधली सेबुआनो! साठ लाखांवर लेख. त्यातले बहुतेक एका स्वीडिश गृहस्थाच्या बॉटने पाडलेत. डोंगर, ओढे, किडे-मुंग्या; यादीतून उचलायचं, साच्यात ओतायचं. वाचतं कोण, हे बॉटला विचारू नये.

आपल्याला बॉटचीही गरज नाही. एखाद्या खेड्याचं पान उघडा. हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळे टापटीप, खाली शुकशुकाट. नळ बसवून झालेत, पाणी यायचंय. पुढाऱ्याच्या पानावर मात्र पूर. 'धडाडीचे', 'जनसामान्यांचे लाडके'; वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा मजकूर जसाच्या तसा. कुणी तिथे 'संदर्भ हवा' असं डकवलंच, तर कार्यकर्ते संदर्भ देत नाहीत, ती पाटीच काढतात.

हसू नका, स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं याहून वाईट झालं. २०२०मध्ये उघडकीस आलं की तिथले हजारो लेख एका अमेरिकन पोराने लिहिलेत आणि त्याला स्कॉट्स येतच नाही. इंग्रजी शब्द वाकडेतिकडे करून वर्षानुवर्षं लिहीत होता बिचारा. हेतू शुद्ध, भाषा अशुद्ध. लेखांचा आकडा तेवढा छान वाढत होता.

दर्जा सुधारायला समिती लागत नाही. 'अलीकडील बदल' हे पान रोज उघडून चुकीचं उलटवणारी, चर्चापानावर शिव्या खाणारी चार चिकट माणसं लागतात. संदर्भांचीही वानवा नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभा केलेला मराठी विश्वकोश आता घरबसल्या फुकट वाचता येतो. पण जुन्या लेखाला संदर्भ जोडला तर लेखसंख्या वाढत नाही. मग सत्कार कशाचा करायचा?

येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, पुन्हा कुठेतरी कार्यशाळा होईल, दोन-दोन ओळींचे नवे लेख जन्माला येतील, ग्रुप फोटो निघेल. त्याऐवजी यंदा आपापल्या गावाचं पान उघडा. 'प्रेक्षणीय स्थळे'खाली लिहिण्यासारखं काही नसेल, तर निदान तो मथळा तरी पुसा.