दाजी, भाजी आणि किलोज्यूल

भाजी खाऊन वजन वाढत नाही, ही आपल्या लोकांची शेवटची शाबूत राहिलेली श्रद्धा. बुवांवरचा विश्वास उडाला, डॉक्टरांवरचा बिल बघून गेला, पण पालकाच्या जुडीवर अजून कुणी संशय घेतलेला नाही. त्या जुडीचं चारित्र्य छापील स्वरूपात उघडं पडतं ते हवाबंद डब्याच्या मागच्या बाजूला, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत.

आमचे दाजी मेलबर्नला असतात. वजन कमी करायचं मनावर घेतल्यापासून ते जेवत नाहीत, नोंद करतात. घास आधी मोबाईलमध्ये जातो, मग तोंडात. यंदा ताईबरोबर ते आले, अजिंठा बघायचा ठरला, आणि आईला घेऊन आम्ही फर्दापूरला मुक्काम केला. दाजींच्या बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त. तिकडून आणलेले मटार, मका, मिश्र भाज्या. आणि ते संपत आल्यावर संभाजीनगरच्या दुकानातून उचललेले सरसों का सागचे डबे. कारण एकच, ‘बाहेरचं तेलकट नको.’ फर्दापूर म्हणजे जिथे मराठवाडा संपता संपता खानदेशी रस्सा सुरू होतो ते गाव. इथे येऊन तेलकट नको म्हणणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात उतरून गर्दी नको म्हणणं.

रात्री खोलीवर आईने चष्मा लावला आणि मिश्र भाज्यांचा डबा वाचायला घेतला. आई निवृत्त शिक्षिका. छापील मजकूर दिसला की तपासते.

“गाजर, मटार, मका, पाणी, मीठ,” तिने यादी वाचली, मग थांबली. “शंभर ग्रॅमला दोनशे नव्वद? पाण्यात उकडलेल्या गाजराला? अहो, यात काय वनस्पती तूप कोंबलंय का?”

दाजी हसले. परदेशात पंधरा वर्षं काढलेला माणूस आपल्याकडच्यांना काही समजावून सांगण्याआधी हसतो तसं. ते किलोज्यूल आहेत, म्हणाले. ऑस्ट्रेलियात डब्यावर ऊर्जा किलोज्यूलमध्येच छापावी लागते, कॅलरी छापली तर छापली. 4.184 ने भागायचं. 290 चे झाले 69. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 8700 किलोज्यूल, असा तिकडच्या लेबलांचा हिशेब. हा आकडा मला फार आवडला. आपल्याकडच्या लेबलवर दिवसाचे 2000 धरतात, त्यात माणसाला कसं चोरट्यासारखं वाटतं. 8700 म्हटलं की निदान सरदार घराण्यातले असल्यासारखं जेवता येतं.

आईला भागाकार पटला. तिने लगेच सागचा डबा उचलला. “एकशे बारा. भागिले चार. अठ्ठावीस.”

“सव्वीस-सत्तावीस,” दाजींनी दुरुस्ती केली. “मी सत्तावीसच लावतो. पालेभाजी आहे ना.”

साध्या पालकात 100 ग्रॅममागे पंचविसेक किलोकॅलरी असतात, त्यामुळे उत्तर इतकं चपखल बसलं होतं की कुणालाच शंका आली नसती. पण मी डबा हातात घेतला. त्यावर स्वच्छ ‘किलोकॅलरी’ लिहिलं होतं. डबा इथला होता. त्याला मेलबर्नचा कायदा लागू नव्हता.

खोलीत शांतता पसरली. हे डबे आणल्यापासून दाजी रोज रात्री ‘हलकं काहीतरी’ म्हणून हा 450 ग्रॅमचा अख्खा डबा संपवत होते आणि मोबाईलमध्ये सव्वाशेच्या आत नोंद करून समाधानाने झोपत होते. प्रत्यक्षात रोज 504. तरी वजन का वाढतंय, याचं कारण त्यांनी आतापर्यंत ‘इथलं हवामान’ असं सांगितलं होतं.

पाल्यात एवढं येतं कुठून? उत्तर त्याच चौकटीत खाली होतं: 100 ग्रॅमला 8 ग्रॅम स्निग्ध पदार्थ. हे आकडे काढायची रीत विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याने कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात एक बंद खोली तयार केली. खोली कसली, मोठं कपाटच. त्यात जिवंत माणूस कोंडला. तो आत दिवसचे दिवस राहायचा, झोपायचा, सायकल मारायचा; ताट एका झडपेतून आत सरकवायचं आणि त्याच्या अंगातून किती उष्णता निघते ते बाहेर मोजायचं. डब्यातल्या भाजीचा हिशेब लागावा म्हणून आधी माणसाला डब्यात घातला! असल्या खटाटोपातून जे सूत्र निघालं ते आजही चालतं: ग्रॅमभर प्रथिनांना 4, कर्बोदकांना 4 आणि स्निग्धाला 9. सागच्या 112 मधले 72 एकट्या तेलाचे होते. अख्ख्या डब्यात 36 ग्रॅम, म्हणजे अडीच मोठे चमचे तेल. ते पाल्यात इतकं बेमालूम मुरलेलं होतं की वर एक थेंब तरंगत नव्हता.

“पण तीन जणांचा डबा आहे हा,” ताईने दाखवून दिलं. खरंच, 150 ग्रॅमच्या तीन वाढण्या, असं छापलेलं होतं. ही वाढणी ठरवणारा माणूस मला एकदा भेटायचाय. डबा उघडून त्यातला एक तृतीयांश खाणारा आणि उरलेला मुकाट्याने फ्रिजमध्ये ठेवणारा इसम कोणत्या घरात असतो? अमेरिकेत तर वाढणीला 5 पेक्षा कमी कॅलरी असतील तर सरळ शून्य छापायची मुभा आहे. वाढणी पुरेशी बारीक केली की काय काय शून्यात जाईल, याचा विचार करून माझी झोप उडाली.

आईची मात्र श्रद्धा ढळली नाही. “डब्यातलं तसंच असणार. घरच्या भाजीला कॅलरी नसतात.” आईच्या मेथीत मूठभर शेंगदाण्याचं कूट असतं, आणि शेंगदाण्याचं 100 ग्रॅमचं माप पाचशेच्या वर जातं. फोडणी वेगळीच. डबा निदान कबुलीजबाब तरी अंगावर छापून फिरतो. आपल्या कढईवर असं काही चिकटवलं तर निम्म्या घरांत अबोला सुरू होईल. हे मी आईला बोललो नाही. मला घरी परत जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी टी पॉइंटला गाडी लावून एसटीने लेण्यांकडे जाताना दाजी गप्प होते. त्यांचं मन रमावं म्हणून मी डब्याचा इतिहास काढला. निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न टिकवायची पद्धत 1810 मध्ये प्रसिद्ध केली, त्याच साली इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. डबा फोडायचं हत्यार मात्र यायला 1850 चं दशक उजाडलं. तोवर छिन्नी आणि हातोडा घेऊन बसायचं. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला वाघूरच्या घळीत लेणी दिसली, तेव्हा ज्या हत्यारांनी ती कोरली त्याच हत्यारांनी त्याचे देशबांधव घरी वाटाण्याचा डबा फोडत होते. तेवढ्या मेहनतीत 112 कॅलरी सहज जळत असतील, असं दाजी म्हणाले. दोन नंबरच्या लेण्यात हारीतीशेजारी बसलेल्या पांचिक यक्षाचं ऐसपैस पोट त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. बाहेर आले ते बऱ्या मनःस्थितीत.

आणि संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, खानावळीत जाऊ.

परक्या माणसाला जेवू घालायची या गावाला जुनी सवय. औरंगजेबाच्या काळातली सराई इथे आहे. 1909 ते 1911 मध्ये लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोस आणि मंडळी लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आली, त्यांचाही तळ इथेच. त्यामुळे ‘तेल कमी’ म्हणणारा पाहुणा खानावळीच्या मालकाला नवा नव्हता. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि नेहमीसारखंच वाढलं: शेवभाजी, वर बोटभर लाल तर्री, कळण्याची भाकरी, आणि भरीत, ज्याच्या वांग्याला जळगावच्या नावाने 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. भूगोल मिळाला, गणित बाकी आहे.

दाजींनी मोबाईल काढला. “भाऊ, एका ताटात तेल किती ग्रॅम जातं?”

मालकाने क्षणभर विचार केला. मग गल्ल्यामागचा पंधरा किलोचा तेलाचा डबा पायाने पुढे सरकवला. “याच्यावर लिवलेलं असंल. बघा.”

दाजींनी वाकून वाचलं. 100 ग्रॅममध्ये 900 किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ 100 ग्रॅम. इतकं सरळ लेबल त्यांनी आयुष्यात बघितलं नसावं. अख्ख्या डब्याचे 1,35,000. दिवसाला 2000 धरले तर एका माणसाला सदुसष्ट दिवस.

“किती दिवस पुरतो?”

“एरवी चार. शनिवार-रविवारी ल्येनीवाली गर्दी असली तं दोन.”

दाजींनी भाकरी चुरली, तर्रीत कालवली आणि घास घेतला. दुसरा घेतला. मग डाव्या हाताने नोंद करायला लागले. ॲपमध्ये शेवभाजी सापडली नाही, तेव्हा त्यांनी ‘मिश्र भाज्या’ निवडलं आणि वाढणीच्या रकान्यात एक तृतीयांश टाकलं.

“आणि भागा चारने,” आई म्हणाली. “तुम्हाला सवय आहे.”