यादी मागा

फ्रीमेसन या गुप्त शपथेच्या बंधुमंडळाचा विषय निघाला की दोन मिनिटांत सैतान हजर होतो. बकऱ्याच्या तोंडाची मूर्ती, डॉलरच्या नोटेवरचा डोळा, आणि अल्बर्ट पाइक या अमेरिकी मेसनच्या नावावर खपवलेलं ल्युसिफरच्या भक्तीचं वाक्य. मोबाइलवरच्या व्हिडिओंत ते वाक्य आजही पुरावा म्हणून फिरतं. ज्या कारखान्यात ते तयार झालं, त्याच्या मालकानं 1897 सालीच सगळा माल बनावट असल्याचं भर सभेत सांगून टाकलं होतं.

त्याचं नाव लिओ टॅक्सिल. फ्रान्सच्या मार्सेय शहरातला माणूस. तरुणपणी त्यानं बंदरात शार्क शिरल्याची आवई उठवली, पुढे जिनिव्हाच्या सरोवराखाली बुडालेलं शहर असल्याची बातमी पिकवली. चर्चची बदनामी करणारी चटोर पुस्तकं लिहून पैसा केला. मेसनांच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, शिरला, तर पहिल्याच पायरीवरून हाकलला गेला. 1884 मध्ये पोप तेराव्या लिओंनी मेसनांविरुद्ध कडक पत्रक काढलं आणि टॅक्सिलला गिऱ्हाईक सापडलं. 1885 मध्ये पश्चात्ताप झाल्याचं सांगून तो चर्चच्या पायाशी आला आणि मेसनांची ‘गुपितं’ विकू लागला.

पुढची बारा वर्षं त्याची भूक वाढतच गेली. पाइक हा सैतानाचा पोप. लॉजच्या आत ‘पॅलेडियम’ नावाचा आणखी गुप्त पंथ. सैतान मगरीच्या रूपात येऊन पियानो वाजवतो, हेही छापून आलं. या पंथातून सुटून आलेली डायना वॉन नावाची बाई तर साऱ्या कॅथलिक युरोपची लाडकी झाली. लिझ्यूच्या मठातल्या तेरेझनं, जी पुढे संत म्हणून गौरवली गेली, डायनाला पत्र लिहिलं. 1896 मध्ये ट्रेंट शहरात मेसनविरोधी परिषद भरली, तिथे डायना खरी की खोटी यावर वाद झाला. अखेर 19 एप्रिल 1897 ला पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात टॅक्सिल उभा राहिला आणि म्हणाला की सगळं आपणच रचलं. आत येताना लोकांच्या काठ्या-छत्र्या काढून घेतल्या होत्या, तरी त्याला पोलिसांच्या आधारानं बाहेर पडावं लागलं.

फसलेले लोक अडाणी नव्हते. बिशप होते, संपादक होते, भक्तिभावाची शिकली-सवरली माणसं होती. शत्रू आधीच ठरला होता, त्यामुळे त्याच्याबद्दल मिळेल ते त्यांना हवंच होतं. कबुलीनंतरही माल बाजारातून उठला नाही, याचा मला खरा संताप येतो.

आता एक खरं लॉज पाहायला इटलीत या. 17 मार्च 1981. अरेझ्झोजवळच्या एका गावात लिचो जेल्ली या कापड कारखानदाराच्या कचेरीवर छापा पडला. हाती लागली 962 नावांची यादी. ‘प्रोपागांदा दुए’, म्हणजे पी-2, या लॉजची. 1976 मध्येच वरिष्ठ मेसन संस्थेनं या लॉजचं काम स्थगित केलं होतं, जेल्लीनं ते गुपचूप चालू ठेवलं. यादीत मंत्री, खासदार, लष्करी अधिकारी, बँकवाले, पत्रकार आणि देशाच्या गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख होते. छापा चालू असतानाच, छापा घालणाऱ्या पोलीस दलाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा तिथल्या कर्नलला फोन आला: यादी सापडली आहे, तिच्यात माझंही नाव आहे. मे महिन्यात यादी जाहीर झाली आणि पंतप्रधान फोर्लानींचं सरकार गडगडलं. ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या इटलीच्या सगळ्यात मानाच्या वृत्तपत्राचा संपादकही तिच्यात निघाला. पुढे पंतप्रधान झालेले सिल्व्हिओ बर्लुस्कोनीही.

जुलैत जेल्लीच्या मुलीच्या सुटकेसच्या चोरकप्प्यात एक आराखडा सापडला. वृत्तपत्रं ताब्यात घ्या, कामगार संघटना फोडा, न्यायसंस्थेला लगाम घाला. एवढंच. मंत्र नाही, मगर नाही. जेल्ली रोमच्या एक्सेल्सियर हॉटेलात एकेकाला भेटत असे. बढती, कर्ज, कंत्राट, बातमी यांची देवाणघेवाण होई. लॉजची शपथ होती, पण तिचा उपयोग तोंड बंद ठेवण्यापुरता. लॉजचा सभासद असलेला बँकर रोबेर्तो काल्वी जून 1982 मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला, तेव्हा लोकांनी पुलाच्या नावात गूढ संकेत शोधले. त्याच्या बुडालेल्या बँकेचे हिशेब कमी जणांनी चाळले.

कागद चाळण्याचं काम तिना अन्सेल्मी या बाईंनी केलं. फॅसिस्टांविरुद्ध लढलेल्या, इटलीच्या पहिल्या महिला मंत्री. संसदेच्या चौकशी समितीच्या प्रमुख म्हणून त्यांनी कागद उलटले, साक्षी घेतल्या, 1984 मध्ये अहवाल दिला. सैतानाचा एकही शब्द न काढता पी-2 उघडं पाडता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

आपल्या मुंबईतही लॉजचा खरा प्रश्न सैतानाचा नव्हता. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या इंग्रजांच्या लॉजनं दार उघडलं नाही. ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. 1843 मध्ये जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत निघालं, ते एतद्देशीयांना आत घेण्यासाठीच. राज्यकर्त्यांच्या शेजारी कोणाला बसू द्यायचं, भांडण एवढ्यावर होतं.

मेसनांची एक हरकत मात्र गंभीर आहे. याद्या मागणं ही छळाची पहिली पायरी असते, असं ते म्हणतात, आणि इतिहास त्यांच्या बाजूनं बोलतो. हुकूमशहा फ्रँकोनं 1 मार्च 1940 ला स्पेनमध्ये कायदा करून मेसन असणं हाच गुन्हा ठरवला. सालामांकात जप्त केलेल्या सामानातून बुरखेधारी पुतळ्यांचं भयानक लॉज मांडलं, लोकांना घाबरवायला. ते आजही तिथे पाहता येतं. टॅक्सिलच्या थापा सरकारी झाल्या की तुरुंग भरतात. म्हणून साध्या सभासदांची यादी कोणी मागू नये. कोणी मेसनांचा एप्रन बांधून दर महिन्याला जेवायला जमत असेल तर जमू द्या.

पण जो माणूस निकाल देतो, अटक करतो, परवाना देतो, त्याची गोष्ट वेगळी. त्यानं कोणाशी बंद दाराआड निष्ठेची शपथ घेतली आहे, हे कळणं हा नागरिकाचा हक्क आहे. ब्रिटननं 1998 मध्ये नव्या न्यायाधीशांना मेसन सभासदत्व जाहीर करायला लावलं होतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या इटलीबद्दलच्या निकालानंतर 2009 मध्ये तो नियम मागे घेतला गेला. चूक झाली. तो नियम परत यायला हवा, आणि तो फक्त मेसनांपुरता नको: प्रत्येक गुप्त शपथेला, प्रत्येक बंद दाराच्या मंडळाला, तिथेही आणि इथेही.