साडेसेहेचाळीस किलो शहाणपण

परदेशी शिकायला जाणाऱ्या पोरानं तिथली माहिती काढून जाऊ नये. माहिती काढणारी पोरं आमच्या अमरावतीच्या राजापेठेत भरपूर आहेत आणि ती सगळी राजापेठेतच आहेत. संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर उभी राहून कोणत्या देशात काय वाईट चाललंय ते अचूक सांगतात. कॅनडात नोकऱ्या नाहीत, इंग्लंडात खोल्या परवडत नाहीत, अमेरिकेच्या व्हिसाचं काही खरं नाही. माहिती इतकी पक्की, की बडनेरा स्टेशनच्या पुढे जाण्याची गरजच कोणाला पडलेली नाही. आमच्या भाच्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून तो गेल्या सप्टेंबरात जर्मनीला गेला.

जर्मनीच का, तर तिथं शिक्षण फुकट. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, हे खरंच आहे. फुकट असल्यामुळे बारा लाख रुपये लागले. तिथला नियम असा, की वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधी एका कुलूपबंद खात्यात भरायचे. मग त्यातले 992 दर महिन्याला आपल्याला मोजून मिळणार. पैसे आपले, खातं आपल्या नावाचं, हात मात्र लावायचा नाही. भाऊजींना ही व्यवस्था ऐकताक्षणी पटली. त्यांची शेती दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. शेत आपलं, सातबारा आपल्या नावाचा आणि बोजा बँकेचा, हे ते तीस वर्षं बघतायत. “म्हंजे आपल्यासारखंच हाय तिकडं,” म्हणाले आणि निर्धास्त झाले.

विमानात 23-23 किलोच्या दोन बॅगा चालतात. ताईनं त्या भरायला श्रावणात घेतल्या. तूरडाळ, तिखट, मुगवड्या, कुरड्या, सरगुंडे, ज्वारीचं पीठ, कुकर, पोळपाट-लाटणं. एका सुज्ञ शेजाऱ्यानं सांगितलं की तूरडाळ जर्मनीत मिळते. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत असं कळल्यावर तूप स्टीलच्या डब्यात भरून वर ‘तेल’ अशी चिठ्ठी लावली. तिकडच्या अधिकाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून स्वच्छ अक्षरात, मराठीत. किराणा दुकानातल्या काट्यावर बॅगा भरल्या साडेसेहेचाळीस किलो. अर्धा किलो जास्त. पण काढायचं काय, यावर घरात एकमत झालं नाही, म्हणून काहीच काढलं नाही.

मुंबई विमानतळावर तो अर्धा किलो भाच्यानं अंगावर घेतला. सप्टेंबरातली मुंबईची घामट हवा, त्यात दोन स्वेटर, वर जॅकेट आणि जॅकेटच्या खिशात मुगवड्या. हसू नका. 1888 मध्ये एका काठियावाडी पोरानं पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट बोटीवर खास जपून ठेवला होता. सप्टेंबरअखेर इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरताना त्यानं तो घातला, आणि अख्ख्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच होता. पुढे लंडनात त्यानं 19 शिलिंगांची उंच टोपी घेतली, नाचाची शिकवणी लावली, व्हायोलिन विकत घेतलं. हे सगळं त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. आमच्या भाच्यानं अजून व्हायोलिन घेतलेलं नाही.

गाव मिळालं केम्नित्स. राजापेठेत त्याचं ‘चेमनीज’ झालं, मग ‘जेमिनीज’, आणि आता सगळे नुसतं ‘बर्लिनजवळ’ म्हणतात. तो पोचला शनिवारी रात्री. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हे त्याला अर्थातच माहीत नव्हतं. दिवसभर त्यानं शंकरपाळे आणि चिवडा खाल्ला. ताईला हे कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते मी भाच्याच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. शेजाऱ्यांना बोलावून सांगण्यात आलं की जर्मनीत खायला काही मिळत नाही.

सोमवारी तो गाव बघायला निघाला. तिथं भर चौकात कार्ल मार्क्सचं सात मीटर उंच डोकं आहे, वजन चाळीस टन. नुसतं डोकं, धड नाही. 1953 पासून 1990 पर्यंत त्या गावाचं नावच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. मग नाव बदललं, डोकं राहिलं. चाळीस टन हलवायचं कोणी? त्यानं फोटो पाठवला. दाढी बघून ताईनं विचारलं, “कोन्त्या महाराजांचं हाय बाबू? नमस्कार केला ना?”

“हो,” तो म्हणाला. परदेशातला त्याचा पहिला वाद इथंच टळला.

मग आला पत्ता नोंदवण्याचा दिवस. नवीन घरात गेल्यावर दोन आठवड्यांत तिथल्या कचेरीत नोंद करावी लागते. भाचा पूर्ण तयारीनं गेला. फाइलीत दहावीची गुणपत्रिका, टीसी, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, सगळ्याच्या रंगीत झेरॉक्स आणि भाऊजींनी निघताना अगदी प्लॅटफॉर्मवर हातात कोंबलेला सातबारा. “ठिव सोबत. कुठं लागन सांगता येत नाई.” खिडकीतल्या बाईंनी एकच कागद मागितला, घरमालकाच्या सहीचा, की हा मुलगा माझ्याकडे राहतो. तेवढा नव्हता. मग त्यानं सातबारा पुढे केला. बाईंनी तो उलटा धरून, सुलटा धरून मनापासून वाचायचा प्रयत्न केला आणि दोन्ही हातांनी परत दिला. आमच्या तलाठ्याकडेही या कागदाला इतका मान कधी मिळालेला नाही.

पहिले नऊ दिवस त्यानं फुलकोबी घेतली नाही. कारण साधं आहे. युरो शंभर रुपयांच्या घरात, म्हणून दिसेल त्या वस्तूला शंभरानं गुणायचं. तीन युरोची फुलकोबी म्हणजे तीनशे रुपये, आणि तीनशेत राजापेठेत हातगाडीवाला गाडीसकट घरी येईल. दहाव्या दिवशी तो ट्रामनं निघाला. तिकीट काढलं, जपून पाकिटात ठेवलं. तिकिटावर यंत्रात शिक्का मारायचा असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. कोरं तिकीट दाखवल्याबद्दल साठ युरो दंड झाला. सहा हजार रुपये! नऊ दिवस फुलकोबी न घेऊन जे वाचवलं होतं ते असं एका ठिकाणी, रीतसर पावतीसह जमा झालं.

फ्लॅटमध्ये एक पुण्याचा, एक चेन्नईचा. भाचा देशी वाण्याच्या दुकानात सांभार आणायला गेला. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे आपल्याला माहीत. दुकानदार जालंदरचा. त्यानं सांबार मसाल्याचं पाकीट काढून दिलं. दोन युरो, म्हणजे दोनशे रुपये. टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. वांग्याच्या भाजीवर चिरलेला सांभार पेरतात तसा त्यानं तो मसाला पेरला. पुण्याचा गप्प राहिला. चेन्नईच्यानं दोनदा वाढून घेतलं आणि ही महाराष्ट्रातली पारंपरिक पाककृती म्हणून घरी कळवली.

असल्या पोरांचं पुढे काय होतं, असं पानठेल्यावर विचारतात. 1920 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या पापळचा एक शेतकऱ्याचा पोरगा विलायतेला गेला. एडिनबरोत शिकला, ऑक्सफर्डला डॉक्टरेट केली, बॅरिस्टर झाला. प्रबंधाचा विषय काय, तर वैदिक वाङ्मयातला धर्म. वेद शिकायला समुद्र ओलांडून ऑक्सफर्डला! शहाणा माणूस काशीला गेला असता. काशीत एका कुणब्याच्या पोराला कोणी पुढ्यात बसवून वेद शिकवले असते का, ते शहाण्यांनी आपसात ठरवावं. परत येऊन डॉ. पंजाबराव देशमुखांनी अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून 1927 मध्ये सत्याग्रहाची उठाठेव केली, मग शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि दिल्लीत कृषिमंत्री झाले. पानठेल्यावर उभे राहते तर एवढी दगदग झाली नसती. आणि जर्मनीचं म्हणाल तर 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं तिथं जाऊन मल्लखांब करून आली. गुळगुळीत लाकडी खांब घेऊन हिटलरच्या गावी जायचं आणि त्यावर उलटं टांगून घ्यायचं, याला कोणती माहिती काढावी लागते?

आता रोज फोन असतो. तो फोन धरतो तो खिडकीच्या बाजूनं, म्हणजे मागं झाडं दिसतात आणि तिघांची भांडी दिसत नाहीत. ताई फोन धरते देवघराच्या बाजूनं, म्हणजे पलंगावर कंबर धरून पडलेले भाऊजी दिसत नाहीत.

“जेवला काय?”

“हो ना. तुमी?”

“आमी पन. थंडी तं नाई वाजून रायली?”

“नाई वं. मस्त हाय सारं.” हे सांगताना अंगात तेच दोन स्वेटर.

ताईनं स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ टांगलंय, जर्मनीचं. साडेतीन तास मागं लावलेलं. त्यात सात वाजले की ती फोन लावते. पोरगा उठला असेल, चहा घेत असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर मागं गेली, ताईचं गेलं नाही. तेव्हापासून तिच्या साताला तिथं सहा वाजलेले असतात, बाहेर काळोख असतो आणि वर्ग दहाला. भाचा पहिल्या घंटीला फोन उचलतो आणि उठलोच होतो म्हणतो. घड्याळ तासभर मागं घ्यायचं मी दोनदा मनावर घेतलं, पण माझे गुडघे दुखतात आणि ते टांगलंय उंच. सकाळी साडेदहाला ताई कणकेचे हात धुते, घड्याळाकडे बघते आणि फोन लावते.