शेवटची वीत

आमच्या घरात एक वाकडा चमचा आहे. सहाच्या सेटमधला, स्टीलचा, चांगला जड. पाहुण्यांच्या पंगतीत तो चुकून पुढे आला की बायको काही बोलत नाही. नुसतं माझ्याकडे बघते आणि मी आमटीकडे बघतो. एखादा पाहुणा चौकस निघतो. ‘हा असा कशानं हो वाकला?’ मग सायकलची गोष्ट निघते.

सायकल तशी बायकोची. लेडीज, पुढे जाळीची बास्केट, सव्वीस इंची. तिनं स्कूटर आल्यावर ती सोडली आणि मी साखर आल्यावर धरली. सांगली सपाट गाव. पुण्यातल्या सायकलवाल्यांसारखी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन फोटो काढायची सोय नाही. मी सकाळी चिंचांखालून हरिपूरला जातो, कृष्णा-वारणेचा संगम होता तिथंच आहे याची खात्री करून घेतो आणि परत येतो. हे सुरळीत चाललं होतं. मग मागच्या चाकातली हवा रात्रीत उतरायला लागली. संध्याकाळी टणक, सकाळी पुरणपोळी.

मी खाली वाकून बघितलं. टायरच्या कडेला बारीक चिरा दिसल्या. म्हटलं, टायर गेलं आणि अर्थात ट्यूबही गेली. दोन्ही बदलू.

‘नाक्यावरच्या मामांकडे टाका की,’ बायको म्हणाली.

हे वाक्य तिनं उच्चारलं नसतं तर मी टाकलीही असती. पण आदल्याच रात्री मी साडेसहा मिनिटांचा एक व्हिडिओ बघितला होता. त्यातल्या पोरानं गप्पा मारत मारत टायर उतरवलं, ट्यूब काढली, नवी घातली, टायर चढवलं आणि शेवटी हात हलवून निरोप घेतला. त्या हाताची नखं स्वच्छ होती. तिथंच मला शंका यायला हवी होती.

पहिला घोळ दुकानात झाला. मी म्हटलं, ‘सव्वीसचं टायर द्या.’ दुकानदार म्हणाला, ‘कुठलं सव्वीस?’ मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. ‘सव्वीस म्हणजे सव्वीस. पंचविसाच्या पुढचं,’ मी म्हणालो. त्यानं मान डोलावली, एक टायर आणि ट्यूब काढून दिली आणि मी ऐटीत घरी आलो.

त्या टायरशी मी सव्वा तास झगडलो. अर्ध्याच्या वर ते रिमवर चढेचना. आधी वाटलं, नवं आहे, कडक असेल, उन्हात ठेवलं. मग वाटलं, आपली ताकद गेली, दूध प्यायलो. शेवटी मुलीनं माझा चष्मा मला आणून दिला आणि म्हणाली, ‘बाबा, दोन्हींवर वेगळे आकडे आहेत.’ जुन्या टायरच्या कडेला बारीक उठावात ३७-५९० लिहिलेलं होतं आणि नव्यावर ४७-५५९. मी तीन सेंटिमीटर लहान टायर मोठ्या रिमवर चढवत होतो. आठ नंबरच्या पायात सहाचा बूट घालून पाय आखडलाय म्हणण्यातला प्रकार.

त्या रात्री या आकड्यांचा शोध घेतला आणि झोप उडाली. सायकलीचे इंच हे रिमचे नसतातच. ते टायरच्या बाहेरच्या व्यासाचे, तेही अंदाजपंचे. जाड टायरला बाहेरून सव्वीस भरायला लहान रिम पुरते, बारीक टायरला मोठी लागते. म्हणून २६ गुणिले १.७५ ची रिम ५५९ मिलिमीटरची आणि २६ गुणिले १⅜ ची ५९० ची. आणखी कुठल्या कुठल्या सव्विशी आहेत त्या वेगळ्याच. जुन्या काळ्या जेंट्स सायकलीचं २८ गुणिले १½ हे ६३५ चं. हल्लीच्या गिअरवाल्यांचं २९ मात्र ६२२ चं. आणि एक २७ आहे, त्याची रिम ६३० ची. म्हणजे २७ ची रिम २९ पेक्षा मोठी. तलाठ्याकडचे वाटणीचे हिशेबसुद्धा याहून सरळ असतात. खरं माप ते मिलिमीटरवालं, पण ते टायरवर अशा अक्षरांत कोरतात की जणू गुन्ह्याची कबुलीच लिहिली आहे.

दुकानदारानं टायर आणि ट्यूब दोन्ही निमूट बदलून दिलं. ‘मी विचारलं होतं’ हे तीन शब्द तो बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसरा रविवार. आता नीट शिस्तीत करायचं ठरवलं. मागचं चाक म्हणजे एकत्र कुटुंब असतं. त्या एका एक्सलवर नट, वायसर, कॅरियरची दांडी, मडगार्डची तार, स्टँडचा पाय असे सगळे नांदत असतात आणि कोण कोणाच्या आत आणि कोण बाहेर याला मान असतो. मी पेपरची रविवार पुरवणी पसरली आणि सोडेन तसं एकेक ओळीनं मांडत गेलो. नव्या ट्यूबचा वॉल मोकळा करून तोही शेवटी ठेवला. पोलीस मुद्देमाल मांडून फोटो काढतात तसं दृश्य होतं. मी कौतुकानं बघून हात धुवायला गेलो.

‘अहो, शब्दकोडं यातच आहे,’ असं म्हणत बायकोनं पुरवणी उचलली.

नट सापडले. वायसर चारपैकी तीन मिळाले. नव्या ट्यूबचा वॉल मात्र घरंगळत मोरीच्या जाळीतून खाली गेला. त्याचा टप्प टप्प असा शेवटचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. ‘जुन्या ट्यूबचा घाला की,’ ती म्हणाली. घातला. या एका वाक्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावं. मी ठेवलं नाही.

टायर उतरवताना त्रास झाला नाही. नवं टायर एका बाजूनं चढलं. ट्यूब आत सारली. वॉल भोकातून बाहेर काढला आणि तिथपासून सुरुवात करून दोन्ही हातांनी कड आत दाबत दाबत निघालो. पाव चाक झालं, अर्धं झालं, पाऊण झालं. व्हिडिओतल्या पोरासारखं मी शीळही घालायला लागलो. मग राहिली शेवटची वीत.

सायकलीचं टायर चढवायचं म्हणजे प्रत्यक्षात ही एक वीत चढवायची. बाकीचं चढवतो असं आपल्याला वाटतं, ते स्वतःहून चढत असतं. उरलेली वीतभर कड रिमवर ताणून बसते आणि तुमच्याकडे बघते. इकडून बोटभर आत घातली की तिकडून बोटभर बाहेर येते. डाव्या अंगठ्यानं धरून उजव्यानं ढकलावं तर डावा निसटतो. गुडघ्यात चाक धरून दोन्ही अंगठे लावले, तर समोरचं, बसलेलं टायर उठलं. मी फरशीवर बसून, उभं राहून, पलंगावर चाक टेकवून प्रयत्न केले. पलंगपोसावर टायरची नक्षी उमटली. तीही सुंदर होती, पण ते म्हणून दाखवायची वेळ नव्हती.

अंगठे बर्फाच्या पाण्यात बुडवून बसलो असताना, हे सगळं कोणी सुरू केलं ते मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. जॉन बॉइड डनलॉप नावाचा स्कॉटिश जनावरांचा डॉक्टर बेलफास्टला राहायचा. त्याच्या पोराला तीनचाकी सायकलवर हादरे बसायचे, म्हणून त्यानं चाकांवर रबराच्या हवा भरलेल्या नळ्या चढवल्या आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. (पुढे कळलं, रॉबर्ट थॉमसननं तेच १८४५ मध्येच करून ठेवलं होतं, डनलॉपचं पेटंट गेलं. नाव राहिलं.) ते टायर रिमला चिकटवलेलं असायचं. पंक्चर काढायचं तर सगळं सोलून काढायचं, परत चिकटवायचं आणि वाळायची वाट बघत बसायचं. मग फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारं टायर आणलं. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेरों त्यावर पहिला आला. त्यांना तेवढ्यानं समाधान झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी स्वतःची शर्यत भरवली आणि आपलं पंक्चर किती पटकन निघतं हे जगाला दिसावं म्हणून रस्त्यात खिळे टाकवले.

आपल्याकडे पंक्चरवाल्यांवर उगाच संशय घेतात. हा तर कारखानदारी घराण्याचा रिवाज निघाला.

‘म्हणजे बाबा, हे टायर सोपं असतं म्हणून सव्वाशे वर्षं टिकलंय,’ मुलगी म्हणाली. मी उठून स्वयंपाकघरात गेलो.

टायर लिव्हर नावाची वस्तू असते हे मला माहीत होतं; ती आपल्याकडे नाही हेही माहीत होतं. चमचा मात्र होता. त्याचं टोक कडेखाली घातलं, दांडा रिमवर टेकवला आणि अंगातलं बळ लावलं. आधी चमचा वाकला. मग टायर बसलं. ‘टक्क’ असा जो आवाज झाला तो अजून कानात आहे. मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं. पंप लावला. दहा, वीस, तीस. चाक टणक होत चाललं, माझी छाती फुगत चालली, आणि चाळिसाव्या दांडूला ‘फुस्स’ झालं. चाक आणि मी, दोघांतली हवा एकदम गेली.

घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवली. दोन बुडबुड्यांच्या माळा शेजारी शेजारी वर आल्या. दोन समांतर चिरा. चमच्याच्या टोकाची रुंदी आणि त्या चिरांमधलं अंतर तंतोतंत जुळलं. ट्यूब घरात येऊन तीन तास झाले नव्हते. बारशालाच कान टोचले म्हणायचे.

चाक खांद्याला लावून नाक्यापर्यंत चालत जाणं हा वेगळाच अनुभव आहे. सायकल ढकलत गेलात तर कोणी विचारत नाही. नुसतं चाक घेऊन निघालात की गल्लीतला प्रत्येकजण थांबवतो. ‘बाकीची कुठाय?’ असं चौघांनी विचारलं.

मामा लाकडी पेटीवर बसले होते. त्यांनी चाक हातात घेतलं, कडेला अंगठा फिरवला आणि वर न बघताच म्हणाले, ‘सर, चमच्यानं चढवलासा न्हवं?’

मी म्हटलं, ‘कशावरून?’

‘रिमला चंदेरी घासलंय की हितं.’

त्यांनी नुसत्या बोटांनी टायर उतरवलं. ट्यूब काढून बाजूला टाकली आणि टायरच्या आतून सबंध तळवा फिरवला. मी म्हटलं, नवं आहे, काटा कुठून येणार? हरिपूरच्या वाटेला सराटे आहेत, बाभळ आहे, पण हे टायर अजून वाटेला लागलंच नव्हतं. मामांचा हात थांबला. दोन बोटांच्या चिमटीत त्यांनी आतून एक वायसर बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चौथा.

मग त्यांनी ट्यूब घासली, सोल्युशन लावलं आणि वाळेपर्यंत शांत बसले. मी असतो तर फुंकर मारली असती. दोन ठिगळं मारून, ट्यूबेत दोन फुंकांइतकीच हवा भरून ती आत घातली. आणि सुरुवात केली ती वॉलच्या बरोबर समोरून. मी वॉलपासून केली होती.

‘उलटं केलासा म्हणून बसंना,’ मामा म्हणाले. ‘ही रिमची मधली नाली बघा. टायरची तार काय ताणत न्हाई, ती नालीत उतरली तर पलीकडं ढिलाई मिळती. वॉलपाशी ट्यूबचा बुडखा आडवा येतो, तिथं ती उतरंलच कशी? म्हणून वॉलपाशी संपवायचं.’ शेवटची वीत आली. त्यांनी पूर्ण चाकभर टायर चिमटून नालीत सारलं आणि दोन्ही अंगठ्यांनी ती वीत, शेजारच्याच्या पोराला कडेवर घ्यावं तशी, सहज आत घेतली. वॉल एकदा आत ढकलला, बाहेर ओढला. हवा भरली. माझे दोन रविवार चार मिनिटांत संपले.

मग त्यांनी बोट जिभेला लावून वॉलच्या तोंडावर टेकवलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, ‘वॉलट्यूब मऊ पडलीया. बदलू का?’

वॉलट्यूब म्हणजे वॉलच्या दांडीवर चढवलेली बोटाच्या पेराएवढी रबरी नळी. दांडीला बाजूनं एक भोक असतं. पंपाची हवा त्यातून रबर उचलून आत शिरते, आणि आतली हवा तेच रबर भोकावर दाबून धरते. त्या एवढ्याशा नळीवर अख्ख्या चाकाचा संसार चालतो.

पण माझ्या डोक्यात त्या वेळी दुसराच विचार होता. दुसऱ्यानं सगळंच केलं तर घरी सांगायचं काय? ‘असू दे मामा,’ मी म्हटलं. ‘तेवढं घरी बदलतो मी.’

घरी चाक बसवलं, चारही वायसर जागेवर गेले, चेन चढवली, हातभर काळं झालं. सकाळी उठून बघतो तर चाक बसलेलं. पुरणपोळी.

गॅलरीत कोणी नाही असं बघून मी बोट ओलं केलं आणि वॉलवर टेकवलं. एक बुडबुडा आला. हळूच फुगला, फुटला, दुसरा आला. मी नाक्यावर गेलो, वॉलट्यूबचा वीतभर तुकडा आणला, पेरभर कापला, दांडीवर चढवला. चाक टणक झालं ते आजतागायत टणक आहे.

मग एक नको ती शंका आली. भंगारात टाकायला काढलेली जुनी ट्यूब हुडकली, तोच वॉल, तीच नवी नळी, हवा भरली आणि घमेल्यात बुडवली. फिरवून फिरवून बघितलं. पाणी एकदम शांत.

ती अजून गॅलरीतल्या खिळ्याला फुगलेलीच लटकते आहे. कालच बायकोनं तिच्यात कुंडी बसवून बघितली. अगदी नीट बसते, म्हणाली.