गाळाचं माहेरपण

ठाणे म्हणजे तलावांचं शहर. खोपटच्या वाट्याला एकटा सिद्धेश्वर तलाव आलाय. म्हणून दर जुलैत रस्त्यावर आणखी काही मंजूर होतात.

नालेसफाई मेअखेर उरकायची असते. कंत्राटदार गाळ उपसून काठावर ठेवतो. ओला गाळ वाहून नेता येत नाही, आधी निथळला पाहिजे, हे शास्त्रच आहे. मग जूनची पहिली दणदणीत सर येते आणि गाळ, माहेरपण संपलेल्या लेकीसारखा, आल्या वाटेने नाल्यात परततो. फोटो तेवढे आधीच काढून झालेले असतात.

डांबराचं पाण्याशी हाडवैर. पाणी मुरलं की खडी सुटते. म्हणून खड्डे बुजवायचे ते भर पावसातच! सिमेंटचा रस्ता टिकतो खरा, पण जुन्यावर नवा थर चढत गेला की तळमजल्यावाल्यांना नदीकाठचं घर मिळतं, तेही स्टॅम्प ड्युटी न भरता.

ठाण्याची नगरपालिका १८६३ची, महापालिका १९८२ची. पाणी उताराकडे वाहतं, ही माहिती एव्हाना खात्याकडे निघाली असेलच. फाईल बहुधा खोपट एसटी स्टँडच्या अलीकडे तुंबलीय.